राखून ठेवलेलं

लिंकनशरच्या सपाटीवर युद्धातली एक धावपट्टी आहे,
काँक्रीटच्या फटींतून गवत, दोन्हीकडे बीटाची शेतं.
विमानं गेली ती गेलीच.
रविवारी सकाळी शेतकऱ्याला चाळीस पौंड द्यायचे
आणि फाटकाची साखळी आपणच लावून घ्यायची.

दोन गाड्या शेजारी शेजारी.
एकाच साली, एकाच कारखान्यातून,
एकाच निळ्यात बुडवून काढलेल्या.
डावी ऑस्विनची. वय एकाहत्तर, जन्मभर बीटाचे ट्रक हाकले,
निवृत्तीला स्वतःला दिलेली ही एकच चैन,
पुस्तिकेत लिहिलंय तशीच ठेवलेली.
उजवी त्याच्या भाचीची, टॅम्सिनची.
तिनं तिचा नकाशा बदलून घेतलाय.

नकाशा म्हणजे रस्ते नव्हेत.
आकड्यांचा तक्ता : इतक्या फेऱ्यांना इतकी हवा,
इतक्या हवेला इतकं पेट्रोल, ठिणगी कितव्या अंशाला.
लोखंड तेच. पिस्टन तेच.
ग्रँथमच्या गॅरेजात एका पोरानं लॅपटॉप जोडला,
चहा प्यायला, आणि ऐंशी घोडे जास्तीचे निघाले.
"आणलेस कुठून?" मी विचारलं.
"आणले नाहीत. आतच होते. बांधून ठेवलेले."

का बांधले असतील, हे मात्र मी घरी जाऊन विचार करत बसले.
भेसळीचं पेट्रोल, भर उन्हातला घाट,
तेल बदलायला विसरणारा मालक,
त्याच्या मुलाचा जड पाय,
अशा कधी न पाहिलेल्या माणसांसाठी
कुणीतरी थोडा जोर झाकून ठेवला होता,
अवेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी
डब्याच्या तळाशी पीठ ठेवावं तसा.

माझं काम वेळ घेण्याचं.
काचेला चिकटवलेली काडेपेटीएवढी डबी उपग्रहाशी बोलते,
मी वहीत लिहिते.

पहिली फेरी. काँक्रीट ओलं.
टॅम्सिननं पाय दाबला आणि चाकं जागीच किंचाळली;
घोडे ऐंशी जादा, खुरांना पकड नाही.
ऑस्विन निघून गेला दूधवाल्यासारखा, शांत.
शून्य ते शंभर : त्याचे ६.१ सेकंद, तिचे ६.४.
तो हसला नाही. त्यानं फक्त टोपी सारखी केली.

दहाला ऊन आलं, पट्टी वाळली.
५.९ आणि ५.१.
आठ दशांश म्हणजे किती?
"अगं" म्हणून होतं,
पुढचं वाक्य तोंडातच राहतं.
खरी गंमत शंभरच्या पुढं.
शंभर ते दोनशे : त्याला १५.४ लागले, तिला ११.२.
तिथून ती अशी निघाली
की आरशात बघायचं तिला कारणच उरलं नाही.

बाराच्या सुमारास त्यांनी किल्ल्या बदलल्या.
कुणी सुचवलं, आठवत नाही.
ऑस्विन तिच्या गाडीत : ५.६.
टॅम्सिन त्याच्या गाडीत : ५.७.
मी दोनदा बघितलं. डबी बरोबर होती.

"गाडी निघाली," ऑस्विन म्हणाला, "मी जरा वेळानं पोचलो."
टॅम्सिन अजून त्याच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली.
"मामा, तू हिला कधी पुरती दाबलीच नाहीस."
त्यानं खिडकीची कड बोटानं पुसली. धूळ नव्हती.
"तुझी आई शेजारी बसायची," तो म्हणाला.
"वरचा दांडा घट्ट धरून."

मी पेन्सिल कानामागं ठेवली.
टॅम्सिन काही बोलली नाही, सीट मात्र
होती तशी मागं सरकवून खाली उतरली.

परतताना रस्त्यावर बीटाची ट्रॉली लागली.
ताशी पंचवीस मैल. वळणावळणाचा रस्ता, ओलांडायला जागा नाही.
दोन्ही निळ्या गाड्या तिच्यामागं चिखल झेलत,
मी सगळ्यात शेवटी, वही शेजारच्या सीटवर.
ट्रॉलीवाला ऑस्विनच्या ओळखीचा निघाला.
सात मैल दोघं एकमेकांना हात करत होते.