वितळीचा रकाना

हजिऱ्याच्या बर्फखान्यात तेहेतीस वर्षं वही लिहिली मी.
लादी आत, लादी बाहेर,
आणि तिसरा रकाना वितळीचा.
शंभर किलोची लादी पडावाच्या पुलापर्यंत नव्वद,
बाड्यावर पोचते तेव्हा ब्याऐंशी.
मालक म्हणायचे, कारखानीस,
चोरी वेगळी लिहा, ऊन वेगळं लिहा.

इंगळ्यांचा मार्तंड वडिलांचा डबा घेऊन यायचा.
डबा ठेवला की पायांना गोणपाट बांधून
ओल्या फरशीवर घसरायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
हातात लादी ओढायचा आकडा.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.
एकदा पडला. हनुवटीला चार टाके.
ती खूण पुढे पासपोर्टात नोंदली गेली.

मग फौज. मग लेह.
गोठलेल्या तळ्यावर सुभेदारांनी विचारलं,
जाळ्यापुढे कोण उभा राहतो?
सगळे एकमेकांकडे पाहू लागले, हा खाली बर्फाकडे.
वडिलांना पत्र आलं :
इथला बर्फ फुकट आहे, बाबा.
कुणी तोलतसुद्धा नाही.

फौज सुटल्यावर
कझाकस्तानातल्या कुठल्याशा कोळशाच्या गावाने
दोन हंगामांचा करार दिला त्याला.
तिसरा गोलरक्षक.
चहाच्या टपरीवर मी सांगितलं तर हमाल हसले,
बरफ पे हॉकी? काहे फेंक रओ है, मुनीमजी?
हॉकी म्हणजे इथे रेल्वेचं मैदान,
सोललेले गुडघे, तोंडात धूळ.
मी गप्प बसलो. पुरावा माझ्याकडेही नव्हता.

सत्तर सामने तो बाकावर होता.
अंगावर सगळा पोशाख, मुखवटा मांडीवर,
पाण्याच्या बाटल्या भरणं आणि दार उघडणं.
एकाहत्तराव्यात पहिल्याला ताप,
दुसऱ्याची जांघ धरली,
चार मिनिटं अकरा सेकंद उरलेली,
संघ सहा-एकने हरत होता
आणि अर्धे लोक कोट घालून निघाले होते.
सात फटके आले. सातही अडवले.
सामना सहा-एकनेच हरला.

त्यानंतर सरावात गुडघा गेला.

मी हिशेबाचा माणूस, मला दुसरं काही समजत नाही.
सातापैकी सात, म्हणजे शंभर टक्के.
मोठमोठे लोक वीस-वीस वर्षं खेळतात,
नव्वदवर येतात, ब्याण्णववर येतात,
त्यांचीही वितळ होतेच.
याचा आकडा आहे तिथेच आहे.
मी त्याला हे म्हटलं तेव्हा तो म्हणाला,
काका, आठवा आला असता तर?

आता तो आमच्याकडेच असतो, उतरत्या फळीच्या पायथ्याशी.
लग्नसराईत दिवसाला दोनशे लाद्या.
वरून लादी सुटली की आपोआप गुडघे वाकतात,
धडका गुडघा जास्त, दुखरा कमी,
डावा पाय आडवा, छाती पुढे.
पोरं मुद्दाम जोरात सोडतात.
तो रागवत नाही,
थोडा पुढे सरकून उभा राहतो फक्त.

परवा एक निसटली.
दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर फुटली.
तुकडे उचलायला कुत्रीसुद्धा आली.
मी वही उघडून विचारलं,
मार्तंड, ही कुठे लिहू? चोरीत की उन्हात?
बुटावरचा भुसा झटकत तो म्हणाला,
गोल लिहा.