हातभर अंतर

ढोल तापवायचं काम माझं.
सुक्या झावळ्यांचा जाळ करायचा, चामडं धरायचं
हातभर अंतरावर.
जवळ गेलं तर फाटतं, लांब राहिलं तर बोलत नाही.
राजपुरीच्या खाऱ्या वाऱ्यात ते घटकेघटकेला सैल पडतं.
धक्क्यापासून दर्ग्यापर्यंत संदल तीनदा थांबतो.
लोकांना वाटतं, भक्तीनं.
थांबतो माझ्यासाठी.

यंदा दिघीला एक जहाज अडकलेलं,
कसल्याशा कागदांवरून, पाच आठवडे.
त्यावरचा इंजिनिअर तरीतून उतरला.
काखेत कमरेशी बारीक झालेला ढोल,
त्याला दोऱ्याच दोऱ्या.
नाव म्हणाला, कोलावोले.
पाट्या उतरवत बायका हसल्या:
कोळी होय? मग आमचाच की!

त्याच्या गावीही असाच रस्ता भरतो वर्षातून एकदा.
पूर्वज कापडांच्या घोळात शिरून येतात,
गरगर फिरतात,
त्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.
तुमचे येतात का, त्यानं विचारलं.
आमचे कुठून येणार?
त्यांना पत्ता कुणी दिलाय.

सरवरचाचांनी जुनं गाणं उचललं,
ज्याचा अर्थ त्यांच्या आज्यालाही ठाऊक नव्हता.
आम्ही सगळे पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहिलो,
आता हा सांगेल.

त्यानं मान हलवली.
ही त्याची बोली नव्हे.
त्याचा किनारा सूर्य बुडतो तो,
आमचा, असलाच तर, उगवतो तो,
मधे अख्खा खंड.
जाळात एक झावळी फुटली.
हमीदाखाला म्हणाली, असू दे, सरबत तरी द्या त्याला.

मग त्यानं काखेतला ढोल दाबला.
तो वर चढला, खाली आला,
माणसासारखं काही विचारून गप्प झाला.
चाचांनी उत्तर दिलं.
पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर,
आणि तिसऱ्या फेरीला पाहुण्याचा ठेका चुकला.
चाचांची काठी थाडकन त्याच्या दंडावर:
"कान कुठं ठेवलेस? गेल्या उरसाला काय शिकवलं होतं?"

गेल्या उरसाला.
चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
धुरात त्यांना माझा भाऊ दिसला असेल,
कुवेतहून चार वर्षं न आलेला.

शब्द त्याला कळले नसतील.
तरी खाली मान घालून
त्यानं पहिल्यापासून धरलं.

दर्ग्याच्या वळणावर त्याचाही ढोल सैल पडला.
मी हात पुढे केला, त्यानं दिला.
जाळापाशी बसले,
आणि हा किती अंतरावर धरायचा
ते मला माहीत नव्हतं.