उधारीचा ठेका

सात वर्षं आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवली.
चार चेलो, चार खुर्च्या,
कुओपियोची बंद पडलेली डेअरी,
जिच्या भिंतींना थंडीतही ताकाचा वास येतो.
आर्नी, साम्प्सा, लाह्या,
आणि सगळ्यात खाली मी.
खर्जाची तार, गज मुठीजवळून,
धग् धग् धग् धग्.
ड्रम नव्हते, म्हणून मीच ड्रम.

माझ्या उजव्या टाचेनं
खुर्चीखालच्या फळीला बशीएवढा खळगा पाडलाय.
कॉन्झर्व्हेटरीतल्या एलोनेनबाई एकदा आल्या,
कानात कापूस घालून शेवटपर्यंत बसल्या,
जाताना म्हणाल्या,
विल्हो, तू लाकूड फोडतोस, पण तालात फोडतोस.
मी ते कौतुक समजलो.
अजून समजतो.

लोक यायचे, केस मोकळे सोडून माना घुसळायचे.
ठेका कुठंय, असं कुणी विचारलं नाही.
तो त्यांच्या डोक्यात आधीच वाजत असायचा,
शाळेच्या बसमध्ये, थोरल्या भावाच्या खोलीत
कधीचा पाठ झालेला.
आम्ही फक्त तारा घासायच्या.
बाकीचं ते घरून आणायचे.

मग आम्ही आमचं पहिलं गाणं बांधलं,
लाह्याच्या वडिलांवर,
एप्रिलच्या बर्फावर ज्यांनी भरवसा ठेवला.
वाजवलं.
लोक उभे. हात खिशात.
टाळ्या पडल्या, पण लग्नात
दूरच्या काकांच्या भाषणाला पडतात तशा.
परतताना गाडीत साम्प्सा म्हणाला,
हे गाणं कुणाला पाठ नाही रे.
ह्याचा ठेका कुणाच्याच घरी नाही.
मी काच पुसत राहिलो.
काच स्वच्छच होती.

साइमी मार्चमध्ये आली, बेकरीच्या गाडीतून,
ड्रम पिठाच्या पोत्यांवर आडवे घातलेले.
पहाटे तीनला ती काळ्या पावाचं पीठ तिंबते.
तिच्या दंडावर पीठ,
आमच्या चेलोंवर राळ,
धूळ एकाच रंगाची.
तिनं गाणं दोनदा ऐकलं
आणि एवढंच विचारलं, यात सम कुठंय?
आम्ही चौघांनी चार ठिकाणी बोट ठेवलं.

सात वर्षं!

ती हसली नाही.
मोठा ड्रम फरशीवर सरकत होता,
तर इकडंतिकडं बघून
त्याचा एक पाय तिनं माझ्या खळग्यात रोवला.
माझी खुर्ची दोन हात डावीकडे गेली.

पहिल्या ठोक्याला खिडकीची तावदानं बोलली.
दुसऱ्याला आम्ही एकमेकांना ऐकू येईनासे झालो.
आर्नी तिसऱ्या दिवशी भांडून निघून गेला,
चौथ्या दिवशी जिलेबीसारखं काहीतरी तळलेलं
पिशवीतून घेऊन परत आला,
माफी मात्र मागितली नाही.
आणि लाह्या, जी कधी बोलत नाही,
मधल्या कडव्यात गज वर धरून म्हणाली,
इथं नको मारूस.
इथं बर्फ फुटतो.

साइमीच्या काठ्या हवेत थांबल्या.
एक मात्रा, दोन, तीन.
डेअरीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
ती ड्रमनं केलेली शांतता होती.
ज्याला मारता येतं,
त्यालाच न मारणं ऐकू येतं.
आणि त्या शांततेत, सवयीनं,
माझी टाच पडली.
ठक्.

कुणी काही बोललं नाही.

आता माझ्या वाट्याला लांब सूर आलाय.
मुठीपासून टोकापर्यंत, न तुटता, सोळा मात्रा.
एकेचाळिसाव्या वर्षी शिकतोय.
गज उजेडात धरून पाहिला काल:
मुठीकडचे केस झिजून काळपट झालेले,
टोकाकडची अर्धी लांबी कोरी, पांढरीशुभ्र,
जणू कुणी अजून
तिथपर्यंत गेलंच नाही.
हात थरथरतो तिथं.
साइमी म्हणते, थरथरू दे,
मी आहे ना खाली.