वकीलपत्र

होय, तोच. चौथा. पिवळ्या कव्हरचा,
ज्यावर एक रिकामी खुर्ची आहे आणि बाकी काही नाही.
ज्याचं नाव निघालं की शरणपूरचा सायमन साळवे
मिसळीत बुडवलेला पाव तसाच धरून ठेवतो
आणि तर्री मनगटावरून कोपरापर्यंत जाते.

पहिले तीन सगळ्यांचे. पहिले तीन मलाही पाठ.
चौथ्याच्या वेळी ड्रमर भांडून गेला
आणि त्याच्या जागी त्यांनी मशीन बसवलं.
आता हे नाशकात कुणाला सांगणार?
इथे शेंबडं पोरही आधी टिपरू धरतं, मग पेन्सिल.
मेनरोडवरून पन्नास ढोल एका दमात गेले
की शटरं आपापली थरथरतात.
"मशीन?" हेमंत गायधनी तेव्हा म्हणाला होता.
पंचवीस वर्षं झाली, तो अजून तेवढंच म्हणतो.

मी सातपूरला क्वालिटीत आहे.
दिवसभर मायक्रोमीटर, दिवसभर बुशिंग,
दोन शतांश जास्त भरलं की लाल पेटीत.
एकही खोटा पीस मी पास केलेला नाही,
साहेबाच्या साडूच्या वर्कशॉपचा असला तरी.
म्हणजे वाईट कशाला म्हणतात ते मला कळतं,
एवढंच.

आणि त्या अल्बमात वाईट भरपूर आहे.
दुसरं गाणं संपतच नाही. पाचव्यात
गिटार कशाला आली ते तिचं तिलाही ठाऊक नाही.
गायकाचा घसा बसलाय,
वरच्या सुराच्या दारापर्यंत जातो, कडी वाजवतो, परत येतो.
मान्य. लिहून घ्या.

पण बी साइडचं तिसरं.
ते संथ. इतकं संथ, की आता थांबेल,
भरलेली एसटी कसारा चढते ना, तसं.
डिप्लोमाचं माझं वर्ष गेलं त्या एप्रिलात
घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.
वर पत्रा, लाइट गेलेली,
सेलवरचा टेप पोटावर ठेवून मी पडलेली
आणि तो एकटाच माणूस, ज्याला घाई नव्हती.

गेल्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी
सायमननं गाडीत मुद्दाम लावलं, मोबाइलवरून,
मला चिडवायला.
तिसरं आलं
आणि ते पळत होतं.
आवाज बारीक, मशीन टकाटक,
कुणा धडधाकट माणसाचं, हळदीत चालेलसं.
"बंद कर, हे ते नाही."
"हेच ते," तो म्हणाला, आणि नाव दाखवलं.

घरी येऊन कॅसेट काढली.
पत्र्याच्या उन्हानं ताणलेली, की मोटर दमलेली,
की सेल उतरलेले आणि नवे मागायची हिंमत नव्हती म्हणून,
कोण जाणे.
पंचवीस वर्षं मी ज्याचं वकीलपत्र घेतलं
तो आरोपी कोर्टात कधी आलाच नव्हता.

सायमन हसून हसून स्टिअरिंगवर आडवा.
"मिटलं मग! तुझा अल्बम निघालेलाच नाही."

मिटलं कसं?
तीन रात्री ते पळणारं ऐकतेय.
वाईट आहे. मोजून वाईट आहे.
पण शेवटच्या कडव्याआधी तो श्वास घेतो,
माझ्या टेपवर तो श्वास
शेजारच्या कुकरच्या एका शिट्टीएवढा लांब होता,
इथे जेमतेम चिमूटभर.
तरी आहे. तिथेच आहे.

हेमंतला फोन केला. सगळं सांगितलं.
खूप वेळ गप्प, मग म्हणाला, "पण मशीन?"
हो, मशीन.
आणि आता माझ्याकडे केस एक नाही, दोन आहेत.
बस. चहा सांग.
ए साइडपासून सुरू करते.