पाय मोडेना

साडेअकराला डी गेली.
एकटीच. बाकी सगळ्या जागेवर,
स्पेस खडखडत, एंटर नेहमीसारखी उद्धट.
पासवर्डात डी नाही, म्हणून कळायला उशीर झाला.

मराठीत डीवर हलन्त असतो.
शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, अक्षराचा पाय मोडा.
कलेक्टर कचेरीसमोरच्या या टपरीत
सतरा वर्षं पाय मोडत आले मी,
पानाला चाळीस रुपये.

आज कुणाचाच मोडेना.
अक्षरं सगळी ताठ, धडधाकट,
एकमेकांना न टेकता उभी:
कोलहापूर. जिलहा.
मी सतय प्रतिज्ञेवर लिहून देतो की
प्रतिज्ञा तेवढी शाबूत. ज्ञ वरच्या आळीत राहतो,
पाचाच्या डोक्यावर. त्र, क्ष, श्र त्याचे शेजारी.
खालच्या आळीत काय चाललंय
त्यांच्या कानावर जात नाही.

बाकावर कृष्णात रावजी चौगले, वय एकाहत्तर.
रेशन कार्डावर किसनात,
सातबाऱ्यावर कृष्णा,
आधारवर क्रुष्नात.
हे तिघं एकच, एवढं लिहून हवं होतं.
पडद्यावर चौथा उगवला: कृषणात.
गाव म्हासुर्ली, त्याचं झालं महासुर्ली.
"गाव वाढलं म्हणायचं," ते म्हणाले,
"पर येष्टी एकच हाय."

वायर काढली, फुंकली, घातली.
पुढच्या भोकातली मागच्या भोकात.
मशीन बंद, मनात तीसपर्यंत आकडे, मशीन चालू.
राजारामपुरीत फैयाजला फोन.
"ताई, भाषा बदलून बघितलासा काय?"
बघितली. इंग्रजीतही मुकीच.
"मग सेटिंगचं न्हवं ते. आत कायतरी अडकलंय.
उलटा करा नि आपटा."

उलटा केला. आपटला.
भडंगातला अर्धा शेंगदाणा,
स्टेपलरच्या पिना,
कुणाच्यातरी पासपोर्ट फोटोची कापलेली कड,
नखाचा तुकडा, माझाच असणार,
आणि राखाडी पीठ, कशाचं ते सांगता येत नाही.
डी तरी गप्प.

पलीकडून इंगवले स्टॅम्पवाले:
"एकला नोटरी जेवायला उठतात बरं का. मग तीन."

तेव्हा जुनी फाईल उघडली. वारसाचा अर्ज,
कै. कृष्णाबाई, राहणार उचगाव.
त्यांचा ष्ण उचलला. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही.
बसला.
त्याच कागदातल्या म्हणून-मधला म्ह,
सत्य अख्खंच.
चौगले वाकून बघत होते.
"कुणाचं घेतलासा?"
"एका बाईंचं."
"त्यास्नी लागायचं न्हाई?"
"त्या गेल्या."

जरा वेळ पंखाच बोलला.
मग म्हणाले, "आईनं एवढं अवघड नाव कधी घेतलंच न्हाई.
किस्ना म्हणायची. मारताना बी किस्नाच."
किस्नालाही हलन्त लागतो.
मी बोलले नाही.

बारा पन्नासला प्रिंट.
सही त्यांनी सावकाश केली, जीभ दातात धरून,
आणि ष नि ण यांच्यामध्ये
बोटभर जागा सोडली.
नोटरीने शिक्का मारला, बघितलं नाही.

दुपारी चमच्याच्या दांड्याने डीची टोपी काढली.
खाली गूळ.
मागच्या सोमवारी खरेदीखत झालेल्या कुणीतरी
हातावर खडा ठेवला होता,
आणि मी खाता खाता टाइप करत राहिले होते.
आगकाडीने खरवडला, स्पिरिटचा बोळा फिरवला.
टोपी दाबली. टक्.

कोऱ्या पानावर दाबून बघितली.
अक्षर नसलं की मशीन
त्याच्या जागी ठिपक्यांचा गोल काढतं.
ओळभर गोल, प्रत्येकाला एक मोडका पाय.
ते तसंच ठेवून मी डबा उघडला.

चारच्या सुमारास
टेबलावरच्या आगकाडीला मुंग्या लागल्या होत्या,
एकीला एक चिकटून,
पार इंगवल्यांच्या स्टॅम्पपेटीपर्यंत.