उडायचं वजन

काल्देबारोसच्या कचरा-डेपोवर
रोज सकाळी साडेसहाला दोन वजनं होतात.
एक फाटकातल्या मोठ्या काट्यावर, ट्रकचं;
ते एलादियो लिहितो, टनांत.
दुसरं साबेलाच्या व्हॅनमागे,
पिठामिठाच्या काट्यावर.
त्याला लाकडी दांडी ठोकलेली, दांडीवर
कातडी टोपी डोळ्यांवर ओढून ब्रेतेमा,
समुद्राकडून वारा आला की
पायातला घुंगरू एकदाच वाजवणारी.

आठशे पंच्याऐंशी ग्रॅम.

नऊशेवर गेली तर परत यायची नाही.
साडेआठशेखाली गेली तर वारा तिला फेकून देईल.
मधल्या पन्नास ग्रॅमवर
साबेलाचं घरभाडं, व्हॅनचा हप्ता,
आणि धाकट्या इरियाच्या दातांच्या तारा.

नगरपालिकेच्या करारात स्वच्छ लिहिलंय:
मारायचं नाही. दिसायचं.
आठ तास भीती पुरवावी, रविवार सोडून.
(रविवार कुरवांनाही पाठ आहे.
त्या दिवशी ते पिल्लांना घेऊन येतात.)
एरवी ब्रेतेमा हातावरून सुटली
की कचऱ्याचा पांढरा डोंगर उठतो
आणि खाली नुसता कचरा उरतो,
सार्डिनचे डबे, ओले पाव, एखादी बाहुली.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
चार नंबरच्या खड्ड्यामागे
ब्रेतेमानं एक कबूतर धरलं.
साबेला चिखलातून पोचेपर्यंत
पिसं होती, आणि ब्रेतेमा
निलगिरीच्या शेंड्यावर, छाती फुगवून.

शीळ घातली. आमिष फिरवलं, दुखेपर्यंत.
आपण मराठीत हिला बहिरी म्हणतो.
भूक असताना ते नाव खोटं आहे;
दोन मैलांवरून ऐकते.
पोट भरलं की खरं होतं.

कुरवांना कळायला दहा मिनिटं लागली.
आधी एक उतरला, म्हातारा, लंगडा.
मग सगळे.
साबेलाच्या बुटांपर्यंत येऊन
तिच्यादेखत चरत राहिले.

दुपारी एलादियो कॉफी घेऊन आला.
"गंमत बघ," म्हणाला,
"माझ्याकडे भरलेले येतात, रिकामे जातात.
तुझी रिकामी असेल तरच यायची."
साबेला हसली नाही.
तिचा बाप बर्नला हॉटेलात भांडी घासायचा.
सहा नाताळ आला, चॉकलेटं घेऊन, गालफडं बसलेला.
सातव्या वर्षी त्यानं तिथं स्वतःची खानावळ घातली.
आई कुणी विचारलं तर एवढंच सांगायची,
"बरं चाललंय त्याचं."

दोन रात्री व्हॅनमध्ये.
मांडीवरचं यंत्र टिक् टिक् करत होतं
म्हणजे ती होती, इथंच, अंधारात कुठं तरी,
पचवत.
इरियाचा फोन आला, जेवलीस का.
हो म्हणाली.

शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी
आमिष न फिरवताच
हातमोज्यावर एकदम ओझं आलं.
साबेलानं वर पाहिलं नाही.
टोपी घातली, दोरी बांधली,
आणि मग काही वेळ नुसती उभी राहिली,
हात ताठ धरून.

आठशे त्रेसष्ठ.
वहीत लिहिलं. गुरुवार दुपार आणि शुक्रवार
बिलातून वजा केले.
मांस कापताना नेहमीच्या तुकड्यावर
बोटाएवढा आणखी एक ठेवला,
मग तो उचलून डब्यात परत टाकला.

संध्याकाळी फाटकातून निघताना
व्हॅन मोठ्या काट्यावरून गेली.
एलादियोनं सवयीनं आकडा पाहिला:
दोन हजार एकशे चाळीस.
गुरुवारी सकाळी आत आली तेव्हा तेवढाच होता.
त्या काट्याला
वीस किलोच्या खालचं काही कळत नाही.