बेचिराख

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग इतिहास.
हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं
दफ्तरखान्यातल्या वाघुलकरबाईंनी,
आणि हातात एक स्वच्छ फडकं दिलं होतं.

एकवीस वर्षं झाली, मोडी वाचते.
बोरू उचलायचा नाही,
एका अक्षरातून दुसऱ्यात उतरायचं,
लादलेला बैल घाट उतरतो तसं,
मागचे पाय रोखत.

घाटवाटेच्या जकातीचा हिशेब होता तो.
मिठाचे बैल सत्तर. रिकामे अकरा.
एक बैल कड्यावरून गेला, त्याची जकात माफ.
साल कसरीनं खाल्लेलं.
आणि समासात, दुसऱ्याच कुणाच्या हातचं:
मौजे आंबटाक. बेचिराख.

दिवा नाही, एवढंच.
यापेक्षा कमी शाईत गाव पुसता येत नाही.
फौज गेली होती गावावरून, की पटकी आली,
की विहीरच आटली?
कागदाला विचारलं. कागद पुढच्या मौज्याकडे गेला होता.

शनिवारी पहाटे निघालो, मी आणि तौफिक,
जो खापराचा तुकडा जिभेला लावून त्याचं वय सांगतो
आणि आईला हे सांगत नाही.
जुनी वाट बहुतेक इथूनच जायची, तो म्हणाला
चांदणी चौकात,
आणि आम्ही तिसऱ्यांदा चुकीच्या पुलावर चढलो.

धरणाच्या कडेला धाकू मरगळे उभा होता.
"दगुड बघाया आलाव? पुण्यात न्हाईत व्हय?"
मग दोन तास बोलला नाही.
करवंदीच्या जाळीत त्यानं काठी घातली,
फांद्या वर धरल्या, आणि खाली
कातळात खुरांनी झिजवलेल्या वाट्या,
एकामागे एक, पाण्यानं भरलेल्या.
मी मोजू लागले. चाळिसाच्या पुढं सोडून दिलं.

वर जोती होती. सतरा.
एक टाकं, त्यात निवळशंख पाणी आणि एक बेडूक.
तौफिक मात्र ओढ्यानं कापलेल्या कडेपाशी
उकिडवा बसला होता, बराच वेळ.
राख. माती. राख. माती.
राखेचे सात थर त्यानं मला बोटानं दाखवले,
मधे मातीचे पापुद्रे,
एखाद-दोन पावसाळ्यांच्या जाडीचे.
"गाव मेलं नाही, मॅडम. गाव जात-येत होतं."

धाकू हसला. तंबाखू मळता मळता म्हणाला,
"आज्जा सांगायचा.
पाहनीला कारकून निघाला की खालच्या गावातनं कुनीतरी शीळ घालायचं.
चुलीवर पानी. गुरं रानात. पोरांच्या तोंडावर हात.
त्यो यायचा, बघायचा, लिवायचा, जायाचा.
दिवा न्हाई, मंग पट्टी कशाची?"

तौफिकनं वहीत लिहिलं: ऐकीव.
मग त्याखाली एक रेघ मारली,
खोडायची की अधोरेखायची
ते त्यालाच ठरवता येईना.

सोमवारी टेबलावर कार्ड.
गाव, तालुका, रुमाल क्रमांक.
शेरा या रकान्यात दोन बोटं जागा.
काय लिहू?
की एवढ्या पिढ्यांनंतर त्यांची चोरी
पकडली मी, पगारी?
शीळ घालणारं आता खाली कुणी उरलं नव्हतं.
मी लिहिलं: वाचन निश्चित.
पेन बंद केलं.

संध्याकाळी शिपाई दिवे मालवत आला,
एकेक दालन, खट, खट.
दारातून त्यानं हाक दिली,
आत कुणी आहे का?

रुमालाची गाठ माझ्या हातात होती.
बाहेर रस्त्यावर गाड्यांचा गलका.
मी लगेच उत्तर दिलं नाही.